नकाशावरचे चार ठिपके

नियम आईनेच केला होता, त्यामुळे तक्रारीची सोय नव्हती. मागच्या गल्लीतली एक मुलगी क्लासला गेली ती परतलीच नाही आणि टीव्हीवाल्यांनी आठवडाभर त्या बातमीचा कीस काढला. त्याच आठवड्यात आईने घरातल्या चारही फोनांवर एकमेकांचा ठावठिकाणा दाखवणारा नकाशा सुरू करून घेतला. "मग तूसुद्धा हवीस त्यात," धाकटी म्हणाली. आई हसत हो म्हणाली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना माणूस बहुधा हसतच असतो.

तेव्हापासून नवऱ्याचा ठिपका ऑफिसात, थोरल्याचा कारखान्यात, धाकटीचा कॉलेजात आणि आईचा पडद्यांच्या दुकानात, जिथे ती दिवसभर कापड मापून कापायची. बातम्या काही सुधारल्या नाहीत. आज मोर्चा, उद्या दगडफेक, परवा रस्ताच बंद. पण नकाशा उघडला की तिघं जागच्या जागी दिसायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा ती घरी येताना कालव्यापाशी उतरली आणि बाकावर बसली. लगेच थोरल्याचा फोन. "आई, बस बंद पडली का?" तो ठेवतेय तोवर नवऱ्याचा. "अगं, तिथे काय आहे?"

तिथे काहीच नव्हतं, म्हणून तर ती बसली होती. पण हे नवऱ्याला फोनवर कसं सांगणार? "चप्पल तुटली," ती म्हणाली. चप्पल चांगली धडधाकट होती. संध्याकाळी बिचारा नवी घेऊन आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्क्या प्रेमाच्या.

लहानपणी ती पाच भावंडांतली मधली. सुट्टीत सकाळी बाहेर पडायची आणि लाकडाच्या वखारीत, फळ्यांच्या थप्पीमागे एका मुलीपुरती जागा होती, तिथे शिरून बसायची. भावंडं हाका मारत बाजूने निघून जायची. आपण कुठे आहोत हे जगात कुणालाच माहीत नाही, याची तिला भीती नाही, चैन वाटायची. घरी गेल्यावर तिची आई एवढंच म्हणायची, "हातपाय धू आणि जेवायला बस." आता तिला घरात, दुकानात, बसमध्ये, सगळीकडे गुदमरायचं. बरं, कुणी वाईट वागत असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी एके दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली, फोन दुकानातल्या खणात चिंध्यांखाली ठेवला आणि चालत कालव्यावर गेली. बाकावर पाय वर घेऊन बसली. पाण्याकडे बघितलं, थोडी डुलकीही काढली. किती तरी वर्षांत ती इतकी सुखात नव्हती.

त्याच दुपारी बाजारात दगडफेक सुरू झाली, पुढे दोन दुकानं पेटली. मालकाने घाईघाईने कुलूप लावलं आणि तो पळाला. त्याचा फोन कुणालाच लागेना. आईचा फोन मात्र वाजत होता आणि तिचा ठिपका बंद दुकानात, जागचा हलत नव्हता.

बाजाराचा रस्ता पोलिसांनी अडवला होता, म्हणून फोन न घेताच ती घरी पोचली तर दार सताड उघडं. शेजारीण म्हणाली, "अहो, तुम्ही इथे? सगळे तुम्हाला शोधायला गेलेत." आईने शेजारणीच्या फोनवरून तिघांना कळवलं. धाकटी पहिली आली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता, हात मनगटापर्यंत सुजले होते.

"शटर बडवत होते," ती म्हणाली. "वाटलं, तू आत आहेस. पोलिसांनी ओढून बाजूला केलं मला."

आईला खोटं सुचलं नाही. "कालव्यावर होते गं. नुसती बसले होते."

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

आता धाकटी रडेल नाही तर भांडेल, असं आईला वाटलं.

"बरं वाटलं का?"

"खूप," आई म्हणाली.

"मलापण एकदा जायचंय असं. फोन घरी ठेवून."

"नाही," आई म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिला ऐकू आला.

धाकटीने मान हलवली. "मग तूपण नाही जायचंस," ती म्हणाली आणि त्या सुजलेल्या हातांनी तिने आईचं मनगट घट्ट धरलं.