दोन माणसं लावा

गोदामातल्या काटेवाल्याचं काम म्हणजे पार्सल काट्यावर ठेवायचं आणि आकडा ओरडायचा. लेबलांचं टेबल पार टोकाला आणि मधे पट्ट्याचा खडखडाट, त्यामुळे ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आकडा मोठा निघाला की पलीकडून हमालही ओरडायचे, "दोन माणसं लावा!" वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

मग कंपनीला अचानक कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा पुळका आला. 'वजन घटवा' मोहीम निघाली. गोदामात एवढा मोठा काटा असताना नवा कशाला, असं साहेबांना वाटलं. प्रत्येकाचं वजन काटेवाल्यानं गुपचूप चिठ्ठीवर लिहून द्यायचं ठरलं.

लेबलांच्या टेबलावर त्याची वहिनी होती. तिला इथं त्यानंच चिकटवलेलं. एरवी चारचौघांना पुरून उरणारी बाई, पण अंगाचा विषय निघाला की तोंड मिटायची. "भावोजी, आकडा बाहेर नाही ना जाणार?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं.

"माझ्यावर सोडा की वहिनी," हा शहाणा म्हणाला.

तिची पाळी आली. चपला काढून ती काट्यावर चढली आणि तिनं डोळे घट्ट मिटले. काटेवाल्यानं आकडा पाहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "एकशे चार!"

पलीकडून हमालांनी मान वर न करताच साद दिली, "दोन माणसं लावा!"

मग सगळ्यांच्या माना वर झाल्या. अख्खं गोदाम पोट धरधरून हसलं. वहिनी खाली उतरली आणि चपला हातात घेऊन, खाली मान घालून टेबलाकडे गेली. काटेवाल्याला तोंड कुठं लपवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांदेखत स्वतः काट्यावर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "बावन्न!" कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हा पडला काडीपहिलवान, त्याला कोण हसणार?

"तुमचं काय जातंय ओरडायला, भावोजी," वहिनी लेबल चिकटवत म्हणाली. ती चिडली असती, तर त्यानं पाय धरले असते. पण ती चिडली नव्हती. त्याला कालच्यापेक्षा जास्त लाज वाटली.

दोघांचे डबे घरून वहिनीच भरून आणायची. जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याच्या हातात डबा दिला. "तुम्ही जेवून घ्या. मला भूक नाही." आणि ती लेबलांकडे वळली.

उभा जन्म पार्सलं उचलण्यात गेलेला, त्यामुळे डबा हातात येताच त्याला कळलं, रोजच्या दुप्पट भरतोय. त्यानं झाकण काढलं. खाली त्याचं जेवण होतं आणि वरच्या कप्प्यात तिचं.

"काय रे, आज डबा जड दिसतोय?" शेजारच्या हमालानं विचारलं.

काटेवाल्यानं गुपचूप झाकण लावलं.