बंडूजीचा बैल

प्रेमदासनं दोरखंड ग्रामसेवकांच्या सायकलच्या हँडलला परत अडकवला.

"घेऊन जा साहेब. बंडूजीले सांगा, बैल त्याचा, दोर बी त्याचाच."

ग्रामसेवक मनोहररावांनी दोराकडं पाहिलं. बंडूजीच्या गोठ्यात काल मेलेला बैल फुगत चालला होता. वस्तीतल्या माणसांनी संध्याकाळपर्यंत तो गावाबाहेर नेला नाही, तर त्यांच्या बायकांना कुणीच कापूस वेचायला बोलवायचं नाही, असं शेतकऱ्यांनी पारावर ठरवलं होतं. आणि दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर, मेलेलं ढोर यापुढं ओढायचं नाही, असं वस्तीनं ठरवलं होतं.

"तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही," मनोहरराव म्हणाले. "पण गाव अजून तयार नाही, प्रेमदास. एवढा हंगाम जाऊ द्या. तोवर मी लोकांना समजावतो."

"कोनाले समजावता? तुमची सभा होते थे आमच्याच वस्तीत. धीर धरा, घाई करू नका. तिकडं पारावर घेतली का एक तरी?"

मनोहररावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

दारात मीराबाई ज्वारी पाखडत होती. तिचा हात थांबला.

"वेचणी गेली तं उन्हाळ्यात लेकराइनं खावं काय, थे बी बोला," ती नवऱ्याला म्हणाली.

तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग सूप पुन्हा उचललं.

"नेऊन टाका तो दोर," ती मनोहररावांना म्हणाली. "डोऱ्यासमोर लटकून राह्यला तं मन भेते."

गोठ्यापाशी बंडूजी नाकाला दुपट्टा लावून उभा होता. मनोहरराव त्याच्याच घरी खोली घेऊन राहत. आत जोडीचा बैल दाव्याला हिसके देत होता. सकाळपासून त्यानं कडब्याला तोंड लावलं नव्हतं.

"काय म्हनते?"

"नाही म्हणतात."

"तुमी तं म्हनत होते, माझं ऐकते."

समोरच्या ओट्यावरून रूपराव हसला. "तुमीच वढा मंग, ग्रामसेवक! गाव साफ ठेवाचं सरकारचंच काम हाय."

"तू ये ना रूपराव," बंडूजी म्हणाला. "चाल, लाव हात."

रूपराव उठून घरात गेला. कवाड लागलं. गल्लीतली आणखी एक-दोन कवाडं लागली.

बंडूजी त्या कवाडांकडं पाहत राहिला. मग त्यानं सायकलवरचा दोर काढला. बैलाच्या पायांना मारलेली पहिली गाठ निसटली, दुसरी बसली. ओढून न्यायला बाभळीची फांदी बैलाखाली सरकवणं मात्र त्याला एकट्याला जमेना. त्यानं मान वळवून मनोहररावांकडं पाहिलं.

मनोहररावांनी बाह्या वर केल्या आणि बैलाच्या पाठीखाली हात घातले.

फांदीला जोडीचाच बैल जुंपला. तो दोनदा मागं वळून उभा राहिला. नाल्यापलीकडच्या पडीक जमिनीवर पोचेपर्यंत दिवस कलला होता.

दोघं परतले तेव्हा बंडूजीची आई, शालूबाई, दारात उभी होती.

"तिथंच थांबा. दोघंबी."

"माय, न्हानीत पानी तं ठेव."

"न्हानीत नाई. नाल्यावर जा आंघोळीले. कपडे धाडतो मी."

"प्याले तं दे. घसा सुकला."

ती पाण्याचा लोटा घेऊन आली. पायरी मात्र उतरली नाही.

"ओंजळ धर."

बंडूजी आपल्याच अंगणात वाकला. उंचावरून पडलेली धार ओंजळीत फुटली, कोपरांवरून ओघळली. तो थोडं पाणी प्यायला आणि मग ओंजळ तशीच धरून आईच्या हातातल्या लोट्याकडं पाहत राहिला. लोटा आणखी वर गेला.

मनोहररावांनी मान वर न करताच पाणी घेतलं.

"प्रेमदासले सांगून या," बंडूजी घसा खाकरून म्हणाला. "उद्या बाया पाठवजो म्हना वेचणीले."

"मी नको, तुम्हीच सांगा," मनोहरराव म्हणाले.

शालूबाईनं आतून कडी लावली. बंडूजी काही वेळ त्या दाराकडं तोंड करून उभा राहिला. मग त्यानं ओले हात धोतराला पुसले आणि तो निघाला. वस्तीत जायला मागचा बोळ जवळ पडला असता. तो पारावरून गेला.