माझ्या पोटातली वस्ती

मित्रांनो, मी एक जुनी भातजमीन आहे. वरून पाहाल तर नुसता चिखल. पण माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची भलीमोठी वस्ती होती. कुणी पेंढा कुजवत, कुणी मुळांना अन्न पुरवत. मला कसणाऱ्या आबांना त्यांची नावे ठाऊक नव्हती. ते मूठभर माती नाकाशी धरत आणि म्हणत, “छान मुरली आहे.” मी खुलून जाई.

पुढे वरच्या अंगाला तापमापी बनवणारा कारखाना आला. त्याचे सांडपाणी पाटातून माझ्यात उतरू लागले आणि त्याबरोबर पाराही. बरीचशी वस्ती मुकाट्याने संपली. उरलेल्यांतले काही जिवाणू मात्र चिवट निघाले. पाऱ्याची वाफ करून ते त्याला थोडा थोडा माझ्याबाहेर घालवत. काम संथ होते, पण चालू होते.

आबांना दिसली ती फक्त पिवळी पडलेली रोपे. “उपाशी आहे बिचारी,” म्हणत त्यांनी पांढऱ्या खताची पोती माझ्यावर रिकामी केली. दर हंगामात जरा जास्तच. माया होती हो त्यात! रोपे तरारली, घरदार हरखले. पण त्या खताने मी आंबट होत गेले आणि झुंजणारे ते चिवट जीव गळत गेले. पारा माझ्यातच राहिला. तुंबलेल्या चिखलात दुसऱ्याच जिवाणूंनी त्याला अधिक जहरी रूप दिले. ते दाण्यांत शिरले.

आबांची नात बांधावर बसून त्यांच्या हातून भात खायची. हळूहळू तिचे हात थरथरू लागले, मग बोलताना जीभ अडखळू लागली. डॉक्टरांनी पाऱ्याचा संशय घेतला, तेव्हा माती तपासणाऱ्या बाई आल्या.

“पीक तर हिरवंगार होतं ना हो?” सूनबाईंनी विचारले.

“वरून हिरवंच दिसणार. खतानं पिकाचं पोट भरलं, मातीतलं विष कुठे गेलं? यापुढे इथला दाणाही खाऊ नका.”

“मीच भरवलं गं तिला,” आबा एवढेच बोलले.

कारखाना बंद झाला, मला कुंपण पडले. नात अजून धड बोलत नाही. आबा कुंपणापर्यंत येतात, तारेला हात लावून परततात.

मित्रांनो, रोपे पिवळी पडली तर लगेच जमिनीला भरवायला धावू नका. आधी तिला काय झाले आहे ते तपासा. आणि आबा भेटले तर त्यांना एवढे सांगा, मी त्यांच्यावर रागावलेली नाही.