भालेरावांचा भ

पद्मा पाध्येचं लग्न ज्येष्ठाच्या अखेरीस व्हायचं होतं. एका सरकारी कागदाने ते मानगूट धरून वैशाखात आणलं.

साल अठ्ठेचाळीस. ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहानमोठी संस्थानं एक होऊन अठ्ठावीस मेला मध्यभारत नावाचं नवं राज्य उभं राहणार होतं. नवरा मुलगा मधुसूदन भालेराव एका खात्यात कारकून होता. त्याला हुकूम आला, सत्तावीसला इंदूरला हजर व्हा. मुलाकडचे म्हणाले, मग पंचवीसलाच बार उडवून टाकू. ही गोष्ट ठरली सतरा तारखेला सकाळी. म्हणजे लग्नाला उरले आठ दिवस, आणि पत्रिकेचा अजून पत्ता नाही.

पद्माचे वडील कृष्णराव दरबारच्या जुन्या दप्तरांच्या याद्या करण्यात मानेपर्यंत बुडालेले. आई पापडांच्या राशीत. राहिल्या सुधाताई, पद्माची आत्या. मुलींच्या शाळेत मास्तरीण, आणि शाळेबाहेरही मास्तरीणच. पण त्यांच्या चष्म्यावर परवा कुणीतरी पाट ठेवला होता, काचांचा चुरा झाला होता.

"वाचायला तू चल," त्या पद्माला म्हणाल्या. "छापखानेवाले डोळ्यांदेखत गाढवाचा घोडा करतात."

"आत्या, नवरी मुलगी स्वतःची पत्रिका छापायला जाते का कधी?"

"राज्यं बदलायला लागली, तू कसली नवरी घेऊन बसलीस! डोक्याला ओला पंचा गुंडाळ. लूचा तापता वारा चालू आहे."

पद्मा एकोणीस वर्षांची होती आणि सकाळपासून तिला उगाचच हसू येत होतं. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातून दौलतगंजापर्यंत टांग्यात ती हसतच होती. घोड्याला हसली, टांगेवाल्याच्या टोपीला हसली. आठ दिवसांत आपण कुणाचीतरी बायको होणार आणि इंदूर नावाच्या न पाहिलेल्या गावी जाणार, हा विचार भीती म्हणून सुरू व्हायचा आणि ओठांपर्यंत येता येता त्याचं हसू व्हायचं. होणाऱ्या नवऱ्याचं तोंडसुद्धा तिला धड आठवत नव्हतं. पोह्यांची बशी पुढे करताना मान खाली होती. दिसले ते फक्त त्याचे हात आणि घाबरून थरथरणारा चमचा.

दिनकररावांचा छापखाना दौलतगंजाच्या बोळात होता. वाळ्याचा पडदा बाजूला सारून दोघी आत शिरल्या, तर आत जत्रा भरलेली. टेबलावर, खिडकीत, जमिनीवर, सगळीकडे लोखंडी चौकटींत आवळून ठेवलेला, शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांनी जुळवलेला मजकूर. आणि मधोमध दिनकरराव, डोक्याला हात लावून बसलेले.

"दिनकरराव, लग्नपत्रिका हवी. तीनशे. परवा," सुधाताईंनी फर्मावलं.

"सुधाताई, तुमच्यासाठी जीव देईन. पण भ देऊ शकत नाही."

"काय देऊ शकत नाही?"

"भ. भटजीतला भ. संपला."

मग त्यांनी खुलासा केला. सगळ्या खात्यांनी नव्या राज्याच्या नावाने कागद, पाकिटं, नमुने छापायला टाकले होते, सगळे तातडीचे. आजवर ठीक चाललं होतं, तेव्हा प्रत्येक खात्याला महकमा म्हणायचे. आता महकम्याचा झाला विभाग. विभागात एक भ, मध्यभारतात एक भ. एकेका चौकटीत शेकड्याने भ अडकून पडले होते. खिळ्यांच्या पेटीत भ चा खण झाडून पुसून रिकामा.

"मग छापून टाका ना ते! खिळे सुटतील," पद्मा म्हणाली.

"छापू कसं? तपासून सही कुणी करत नाही. जुने साहेब म्हणतात, नव्यांना विचारा. नवे साहेब अजून नेमलेलेच नाहीत. अकरा चौकटी आठवडाभर अशाच बांधून ठेवल्यात. सोडूही शकत नाही, छापूही शकत नाही."

"तर मग भ शिवाय पत्रिका लिहू," सुधाताईंनी पदर खोचला. अंगातली मास्तरीण जागी झाली. "पद्मा, लिही. शुभविवाह नको, मंगल विवाह. समारंभ नको, सोहळा. भोजन..."

"जेवण?"

"पंगत! पंगतीस यावे. आहे काय आणि नाही काय!"

अक्षरं जुळवणारा जुळारी पन्नालाल खिळ्यांच्या पेट्यांसमोर उभा होता. तीस वर्षं मराठी जुळवत होता, पण बोलायचा हिंदीच. त्याने शब्द जुळवायला घेतले आणि चिरंजीव मधुसूदनपर्यंत येऊन थांबला.

"ताईजी, आगे का लिखें? लड़के का तो नाम ही भालेराव है."

पंगत मिळाली, सोहळा मिळाला, पण नवऱ्या मुलाला दुसरं आडनाव कुठून आणणार?

"भ गाळून टाका," दिनकरराव हताशपणे म्हणाले.

"म्हणजे आलेराव?" पद्मा म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "चिरंजीव मधुसूदन आलेराव! आले, आले, राव आले!"

"म लगा देते हैं," पन्नालालने सुचवलं. "बाद में क़लम से भ बना लेना. ज़रा-सी घुंडी ही तो बनानी है."

"तीनशे पत्रिकांवर? आणि एखादी राहिली तर आमची मुलगी मालेरावांकडे गेली म्हणून गावभर होईल," सुधाताई कडाडल्या.

तेवढ्यात पडदा हलला आणि सायकलची टोपली हातात घेतलेला एक उंच, घामाघूम तरुण आत आला. "दिनकरराव, आमच्या पाकिटांचं काय झालं?" त्याने विचारलं. मग त्याची नजर पद्मावर गेली आणि तो जागच्या जागी खिळला.

पद्माला एवढंच कळलं, की हा सरकारी माणूस. तिच्या अंगात वारं शिरलं होतंच. "अच्छा, म्हणजे तुम्हीच ते!" ती म्हणाली. "तुमच्या विभागांनी गावातले सगळे भ गिळून ठेवलेत. ना छापता, ना सोडता. आमच्या लग्नात शुभ नाही, भोजन नाही, आता नवऱ्याचं आडनावसुद्धा नाही!"

"मी... हो. चूक आहे," तरुण म्हणाला.

"नुसतं चूक म्हणून काय होतं? साहेबांकडे तक्रार करते मी. नाव सांगा तुमचं."

तरुणाने टोपली या हातातून त्या हातात घेतली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"मधुसूदन भालेराव," तो म्हणाला.

पन्नालालच्या हातातला म खाली पडला. सुधाताईंनी डोळे बारीक करून त्या धूसर आकृतीकडे पाहिलं आणि "अगंबाई, जावईबापू!" म्हणत नसलेला चष्मा सावरला. पद्माने ओल्या पंच्यात तोंड लपवलं. आता जमीन दुभंगावी, असं तिला वाटायला हवं होतं. पण पंच्याआड तिचे खांदे गदगदा हलत होते. जरा वेळाने तिने एका डोळ्याने बाहेर पाहिलं, तर तोही ओठ चावून छताकडे बघत हसू दाबत होता.

"या अकरांपैकी आमच्या खात्याच्या चार चौकटी आहेत," मधुसूदन शेवटी म्हणाला. "तपासून मी सही करतो."

दिनकरराव उठून उभे राहिले. "अहो भालेराव, तुम्ही कारकून. उद्या कुणी विचारलं तर?"

"तर सांगेन की कुणालातरी करायलाच हवी होती. आठवडाभर मी पाच साहेबांच्या दारात उभा राहिलोय. पाचही जण म्हणाले, कागद तर लागतीलच. मग माझीच सही." एवढं बोलून त्याने आवंढा गिळला. पद्माने तो पाहिला. बशीवर थरथरणारा चमचा तिला आठवला, आणि हा माणूस भित्रा नाही, नुसता घाबरतो, असं तिच्या मनात आलं. घाबरूनही करणाऱ्या माणसाबरोबर इंदूरच काय, कुठेही जाता येईल.

तपासणीला दोघं जण लागतात, एकाने कच्चा छाप मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहायचा. पन्नालाल जुळवण्यात गुंतलेला, दिनकररावांना खोकला, सुधाताईंना चष्मा नाही. मग उरलं कोण? दगडी टेबलाच्या एका टोकाला पद्मा बसली, दुसऱ्या टोकाला मधुसूदन, आणि मधोमध पहारा द्यायला सुधाताई.

"आवक क्रमांक," पद्माने वाचलं.

"ठीक."

"जावक क्रमांक."

"ठीक."

"विषय, दोन टिंबं, रेघ."

"ठीक." आणि मग त्याच सरकारी सुरात, कागदावरची नजर न हलवता तो म्हणाला, "इंटरचं दुसरं वर्ष इंदूरला करता येतं. कॉलेजात चौकशी केली आहे मी."

पद्माचं बोट रेघेवर थांबलं. कॉलेज सुटणार म्हणून लग्न ठरल्यापासून तिने रात्री उशीत डोकं खुपसून घेतलेलं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला एकाएकी हसूही येईना आणि रडूही येईना.

"ठीक," ती म्हणाली.

"ते त्याने म्हणायचं, तू वाचायचं," सुधाताईंनी बजावलं.

चौथ्या चौकटीत पाकिटं होती. पद्मा वाचू लागली, "मध्यभारत शासन, कृषि वि..." आणि थबकली. पुन्हा वाचलं. मग कागद तोंडावर धरून ती अशी हसायला लागली, की तिला उचकी लागली. मधुसूदन धावत आला. पाकिटाच्या कच्च्या छापावर ठसठशीत उमटलं होतं, कृषि विवाह.

"क्या करते, भ ख़तम था," पन्नालाल गंभीरपणे म्हणाला. "और घर-घर में ब्याह की बात चल रही है. हाथ चल गया."

त्यावर दिनकरराव हसले, सुधाताई हसल्या, मधुसूदन तर खाली स्टुलावर बसून पोट धरून हसला. पद्माच्या उचक्या थांबेनात, तेव्हा त्यानेच माठातलं पाणी आणून दिलं. पेला घेताना बोटाला बोट लागलं. पहारेकऱ्यांना ते दिसलं नाही.

त्याने चारही छापांवर सही ठोकली, दुपारीच यंत्र धडधडायला लागलं, आणि पहिली चौकट छापून सुटताच तिच्यातले भ घालून पन्नालालने विवाहाचा विभाग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या चौकटीही सुटल्या आणि खिळ्यांचा पाऊस पडावा तसे भ खणात परतले. सुधाताईंना आता कुणी आवरेना. शुभविवाह तर झालाच. शिवाय भगवंताच्या कृपेने, सुप्रभाती, समारंभास, भोजनास, आणि शेवटी काही कारण नसताना 'आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा'. दिनकररावांनी भालेराव तर सगळ्यांत मोठ्या ठशात घेतलं.

मधुसूदनला साहेबांनी बोलावलं खरं. "कुणाच्या हुकमाने सही केलीत?" त्यांनी विचारलं. त्याने उत्तर द्यायच्या आत त्यांच्या टेबलावर छापील पाकिटांचा गठ्ठा आला. सगळ्या इमारतीत तेवढ्या एकाच खात्याचे कागद तयार होते. साहेबांनी एक पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, आणि "मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?" असं म्हणून ते शेजारच्या खात्यात दाखवायला घेऊन गेले.

पत्रिका वाटायला हातात जेमतेम चार दिवस होते. टांगा इंदरगंजातून सुटला की सुधाताई एका बाजूला, पद्माचा धाकटा काका दुसऱ्या बाजूला, अशी घरं वाटून घ्यायचे. घाईघाईत आणि चष्म्याविना सुधाताईंनी एका दारात पत्रिका आणि अक्षत ठेवली, हात जोडले, "सहकुटुंब यायचं हं, लीलाताई," म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे पळाल्या. लीलाताई महिन्यापूर्वीच घर सोडून उज्जैनला गेल्या होत्या. त्या घरात मुरैन्याहून बदलून आलेलं एक कुटुंब नुकतंच उतरलं होतं. नवरा, बायको, चार मुली. या गावात कुणाला ओळखत नव्हते.

पंचवीसला सकाळी मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा ते सहाही जण नवे कपडे घालून पहिल्या रांगेत उभे होते. ते कोण, हे कुणालाच कळेना. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. मुरैन्याच्या गृहस्थांनी पंगतीत वाढायलासुद्धा हात लावला. श्रीखंड वाढताना ते प्रत्येकाला "और लीजिए, घर का ही ब्याह है" म्हणत होते.

शेवटी सुधाताईंनी जवळ जाऊन विचारलंच, तेव्हा बाई संकोचून उठायला लागल्या. "हमें तो आप ही बुला गई थीं," त्या म्हणाल्या. पद्माने ते ऐकलं. मुंडावळ्या सावरत ती अंतरपाटाइतक्याच अंतरावर उभ्या असलेल्या मधुसूदनकडे वळली. त्याने होकाराची मान हलवली. मग ती स्वतः जाऊन त्या बाईंचा हात धरून म्हणाली, "बैठिए ना. अभी तो जलेबी आनी है."

चारही मुली लगेच पाटावर परत बसल्या.