रिळावरून गच्चीवर

मी एक जुनी तांब्याची तार आहे. मित्रांनो, कारखान्यात ओढून ओढून मला बारीक केलं, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. पुढे एका शिंप्याने रेडिओच्या एरियलसाठी मला विकत आणलं आणि तिथे माझी दैना झाली.

शिंपी भारी टापटिपीचा. त्याच्या घरात दोऱ्याचं टोकसुद्धा लोंबत नसे. मी चांगली वीस हात लांब! त्याने माझं एक टोक रेडिओला जोडलं, बाकी मला रिकाम्या रिळावर सुबक गुंडाळलं आणि शिलाई मशीनच्या मोटारीमागे ठेवून दिलं. मोटार सुरू झाली की रेडिओ तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा तडतडे, आणि बंद असली तरी खरखर काही जात नसे. "तारच भिकार निघाली," शिंपी म्हणे. मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

एकदा त्याच्या लेकीला रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात गोष्ट वाचायला बोलावलं. पोरगी बोलताना अडखळायची. शब्द ओठांवर येऊन अडून बसायचा आणि वर्गातली मुलं हसायची. आता ती दुपारी चार वाजता थेट स्टुडिओतून वाचणार होती, तेही एकदाच. सकाळी आईबरोबर ती निघून गेली. इकडे बापाचा जीव टांगणीला लागला, कारण रेडिओ नुसता खरखरत होता.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. या आत्याने तीस वर्षं पंख्याच्या कारखान्यात मोटारींना तार गुंडाळली होती. मला पाहताच तिने कपाळाला हात लावला.

"अरे, हे काय करून ठेवलंयस?"

"का गं ताई? नीट गुंडाळलीय की!"

"तुझा नीटपणाच नडलाय. गुंडाळायची ती मोटारीतली तार. ही मोकळ्यावर ताणायची असते!"

साठी उलटलेली ती बाई बाह्या सरसावून गच्चीवर चढली. वीज चिनीमातीतून जात नाही, म्हणून तिने फुटक्या कपांचे दोन कान शोधून माझ्या दोन बाजूंना बांधले आणि मला दोन खांबांमध्ये ताणलं, विजेच्या तारांपासून चांगलं लांब. उरलेलं टोक खिडकीतून रेडिओला जोडलं. काय तिचे हात, मित्रांनो! मी तर तिच्यावर जीवच टाकला. खाली येऊन तिने भावाला दटावलं, "गोष्ट संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. हाताने काजं कर."

चार वाजता पोरीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ आला. अर्धी गोष्ट झाली आणि आवाज थांबला. शिंप्याचा हात झटकन रेडिओच्या बटणाकडे गेला.

"गेलं स्टेशन!"

"थांब," आत्या हळूच म्हणाली. "स्टेशन लागलेलंच आहे. पोरगी थांबलीय."

खरंच, त्या शांततेत तिचा श्वास ऐकू येत होता. शिंप्याने हात मागे घेतला. मग तो अडलेला शब्द पोरीने सावकाश पुरा उच्चारला आणि ती शेवटपर्यंत वाचत गेली. शिंप्याच्या डोळ्यांना धार लागली.

मित्रांनो, मी आता काळवंडले आहे. मला अधूनमधून पुसा, आभाळ गडगडायच्या आधी रेडिओपासून सोडवून ठेवा. आणि ऐकता ऐकता आवाज थांबला, तर लगेच बटण पिळू नका. पलीकडे कुणीतरी शब्द जुळवत असेल.