दिवा तर पेटलेला होता

हिरवा दिवा. सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा... पेटलेला. सानिका मघापासून त्याच्याकडेच बघत होती. लॅपटॉपवर तिने प्रोग्राम ओळीओळीला थांबवून तपासला होता — सेन्सर पाण्याच्या ग्लासात बुडवला की आकडा चढतो, आकडा चढला की भोंगा वाजतो — सगळं कसं शहाण्यासारखं. इथे, टेबलावर, तिच्या डोळ्यांदेखत. बाबांच्या बोटीवर मात्र गेल्या खेपेला या शहाण्याने तोंडच उघडलं नव्हतं.

इंजिनाच्या खणात गुडघाभर पाणी आलं, तरी भोंगा गप्प. हेही बाबांनी सांगितलं नाही. सांगितलं ते त्यांच्या बोटीवरच्या रामाने, जेटीवर, सहज बोलता बोलता. "तुजे बाबा निजलेले व्हते गो. म्हनाले, पोरीचं यंत्र हाय, जागं राहील." बाबांनी घरी आल्यावर बोर्ड नुसता तिच्यापुढे ठेवला होता. "दिवा तर पेटलेला व्हता," एवढंच म्हणाले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आज दुपारच्या भरतीला बोट पुन्हा निघणार. बोर्ड बिघडलेला असला तरी बाबा तो नेतील, लेकीने दिलाय म्हणून, आणि पुन्हा त्याच्याच भरवशावर निजतील...

बोर्डाकडून येणारे संदेश दाखवणारी खिडकी स्क्रीनवर मध्येच येत होती. एरवी सवयीने ती सगळ्यांत आधी तीच उघडायची. आज वैतागून बंद केली, बोर्ड पुन्हा सुरू केला, सेन्सर ग्लासात बुडवला. शांतता. दिवा मात्र हिरवागार. तिने प्रोग्राम होता तिथेच थांबवला. प्रोग्राम कुठे अडलाय ते दाखवणारा पिवळा बाण अगदी वरच्या एका ओळीशी उभा होता, आणि ओळ तिचीच — समोर कुणी ती खिडकी उघडत नाही तोवर थांबून राहा. पहिला संदेश निसटू नये म्हणून पहिल्याच दिवशी लिहिलेली, आणि साफ विसरलेली. बोटीवर कुठला आलाय लॅपटॉप! बिचारा पाणी चढत असताना तसाच बसून राहिला असणार, कुणी विचारेल म्हणून...

आई विचारायची. समुद्रावरून आले की बाबा पाय धुऊन उंबऱ्यावर बसायचे, चहा निवून जायचा, तोंडातून शब्द नाही — आणि मासळी साफ करता करता, मान वरही न करता, आई म्हणायची, "मग, कुठवर गेलात?" की सुटलेच बाबा! वारा, फाटलेलं जाळं, जयगड बंदरात येणाऱ्या जहाजाने रात्री उडवलेली घाबरगुंडी, सगळं. आई गेल्यापासून हा दुसरा हंगाम. बाबा बरे आहेत, असं सानिका पुण्यात सगळ्यांना सांगते. जेवतात, फोन उचलतात, 'बरा हाय' म्हणतात. दिवा तर पेटलेलाच असतो.

तिने ओळ खोडली. प्रोग्राम पुन्हा बोर्डात चढवला, लॅपटॉपची वायर उपटली, बोर्ड बॅटरीला जोडला आणि सेन्सर बुडवला. भोंगा असा ठणाणला की पडवीतलं मांजर शेजाऱ्यांकडे पळालं. बाबा हातातलं जाळं बाजूला ठेवून दारात आले.

"काय गो, बोलला?"

"हो. आता कुणी नसलं तरी बोलेल."

"बरं झालं."

बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते उंबऱ्यावर टेकले, चपला घालायला. निघायला अजून वेळ होता. आईचं वाक्य सानिकाच्या ओठांशी आलं आणि तिथेच अडकलं. मी विचारलं, आणि त्यांनी खरंच सांगितलं तर? त्या पाण्याचं, आईचं, या रिकाम्या घराचं... मग सोमवारी पुण्याला पाय कसा निघेल माझा? म्हणून तर विचारलं नाही आजवर — हे तिला आत्ता, पहिल्यांदा, लख्ख कळलं, आणि लाज वाटली, आणि बाबांची भयंकर माया आली. सुटी वायर हातात तशीच होती. बाबा खाली वाकून चपलेच्या पट्ट्याशी अजून खटपट करत होते. पट्टा केव्हाच लागला होता.