तूच लिहून आण

मी शिफारसपत्र बोलतोय. जीव दीड पानाचा, पण ऐट विचाराल तर जाडजूड ग्रंथाची. असणारच! माझ्या अंगात स्तुतीशिवाय दुसरं काही भरलेलंच नव्हतं.

माझा जन्म झाला सिमेंटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजणाऱ्या एका लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. तिथे नोकरी करणाऱ्या मुलीला पुलांना पडणाऱ्या भेगांवर पीएचडी करायची होती. पण घरची ओढाताण. त्यामुळे फी माफ आणि वर दरमहा भत्ता, अशी फुल्ली फंडेड जागा मिळाली तरच. आठ महिने ती जागा शोधत होती. एकसष्ट प्राध्यापकांना मेल केले, नऊ उत्तरं आली. त्यातली सहा, 'मी सध्या रजेवर आहे.'

शेवटी एका विद्यापीठात हवी तशी जागा सापडली. तिची आई म्हणाली, "शिकायचं तू आणि पैसे देणार ते? नीट वाच गं, काहीतरी गोम असेल."

गोम एवढीच की तीन शिफारसपत्रं हवी होती, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. दोन लगेच गेली. तिसरं द्यायचं होतं तिच्या जुन्या गाईडनी, म्हणजे सरांनी. सर फोनवर म्हणाले, "तूच लिहून आण. मी बघतो आणि पाठवतो. हल्ली मला फार वेळ बसवत नाही."

तिने लिहिलं, 'मी या विद्यार्थिनीला तीन वर्षं ओळखतो,' आणि थबकली. 'मी' म्हणजे सर, बोटं मात्र तिची. मलाही तेव्हापासून कळेनासं झालंय की माझ्यातला 'मी' नक्की कोण. 'अत्यंत हुशार' लिहून तिने खोडलं, 'बऱ्यापैकी हुशार' केलं. मला फार राग आला.

रविवारी मी मेलने सरांच्या कॉम्प्युटरवर पोचलो. सोमवारी त्यांनी मला उघडलं, वाचलं, "हं" म्हणाले आणि ठेवून दिलं. मंगळवारी पहाटे सर गेले. हृदयविकार.

ती खूप रडली. लॅबमधला सहकारी म्हणाला, "जुन्या कागदावर त्यांची सही असेल ना? चिकटव आणि पाठव. सर काय तक्रार करायला येणारेत?"

तिने सहीचं चित्र माझ्या पायथ्याशी आणलंसुद्धा. मग तिने ते पुसून टाकलं. "नको. सरांच्या नावावर नको," एवढंच म्हणाली. विद्यापीठाच्या वेबसाइटवर माझ्यापुढे 'प्रतीक्षेत' हा शब्द तसाच राहिला.

सरांची कॉलेजातली खोली बुधवारीच बंद झाली होती. कारकुनाने कॉम्प्युटरची वायर काढून गुंडाळून ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मी आत.

शुक्रवारी भर दुपारी, टेबलावर ऊन आलेलं असताना, मला कुणीतरी उघडलं.

वायर गुंडाळलेलीच होती. खुर्चीवर कुणी नव्हतं. पण माझ्या शेवटच्या ओळीखाली अक्षरं उमटू लागली, एकेक, मध्ये मोठी विश्रांती घेत. सर एका बोटाने टाइप करायचे आणि पूर्णविरामाआधी जागा सोडायचे. तशीच जागा सुटत होती. मला भीती वाटली, खरं सांगतो; काय उमटतंय ते मी वाचलंच नाही. मी साधा कागद, ओरडणार कसा? बाहेर कारकून शिक्के मारत होता. त्याने एकदा मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि खिशातली किल्ली चाचपली.

तिच्या स्क्रीनवर 'प्रतीक्षेत' जाऊन 'मिळाले' आलं. तिने कारकुनाला फोन लावला. "तुम्ही पाठवलंत का?"

"मी कशाला पाठवू?" त्याचा आवाज खाली आला. "ताई, एक विचारू? सर टाइप करताना मध्येच 'हं' करायचे ना?"

"हो. का?"

त्याने फोन ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली. स्क्रीनवर तीन प्राध्यापक होते. मधल्या बाई म्हणाल्या, "तुमचं तिसरं पत्र वाचून आम्ही तुम्हाला बोलावलं."

तिने नुसतं 'थँक्यू' म्हटलं की जागा तिची, असं मला वाटलं. मी मनात म्हणत होतो, गप्प बस गं, आता तरी गप्प बस.

"मॅडम, एक सांगायचंय," ती म्हणाली. "ते पत्र तुम्हाला मिळालं, त्याच्या तीन दिवस आधी सर वारले होते. आणि पत्र मी लिहिलं होतं. पाठवलं कुणी, मला माहीत नाही."

बाईंनी चष्मा लावला, माझं दुसरं पान काढलं आणि शेवटचा परिच्छेद तिला वाचून दाखवला.

'वरचं सगळं तिने स्वतः लिहिलं आहे . स्वतःला ती नेहमी कमी मोजते . हे पत्र आपण लिहिल्याचं ती तुम्हाला आपणहून सांगेल . नाही सांगितलं तर तिला घेऊ नका .'

तिला घेतलं.

मी आता त्या विद्यापीठाच्या कपाटात, तिच्या फायलीत पडून आहे. शिफारस लिहिणाऱ्या मंडळींना हात जोडून एक विनंती करतो. ज्यांच्याबद्दल चांगलं वाटतं, त्यांच्यासाठी चार ओळी जिवंतपणीच लिहून टाका. नंतर फार जड जातं. त्या दुपारी सरांना चाळीस मिनिटं लागली.